मोटरसायकलचे इंजिन सलग वेगात किती तग धरते? नाशिककरांचे अनुभव

धाग्याची सुरुवात: गंगापूर रोड, १५० सीसी, ६२,००० किलोमीटर

येत्या डिसेंबरात मोटरसायकलने इंदूरला जाण्याचा माझा व पत्नीचा विचार आहे. एका बाजूचे अंतर साधारण चारशे किलोमीटर असून बहुतेक रस्ता जुन्या मुंबई-आग्रा महामार्गाचा, म्हणजे चौपदरी आणि बराचसा सरळ आहे. गाडी नऊ वर्षांची, एका सिलिंडरची, हवेवर थंड होणारी. आमच्या मेहुण्यांच्या मते अशा गाडीने साठच्या वर सलग अर्धा तास काढला की इंजिन जाम होणारच. भाच्याच्या मते इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर लाल पट्टी जिथे सुरू होते तिथपर्यंत दिवसभर पिळली तरी काही होत नाही. दोघेही अगदी खात्रीने बोलतात आणि दोघांपैकी कोणीही आजवर उघडलेले इंजिन पाहिलेले नाही.

म्हणून ही विनंती. ज्यांनी सलग वेगात गाडी चालवली आहे, किंवा ज्यांच्यासमोर असे इंजिन उघडले गेले आहे, त्यांनी गाडी कोणती, रस्ता कोणता, किती वेळ आणि नंतर आत काय निघाले, एवढे लिहावे. वेगाच्या नैतिकतेवर वाद नको. चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे आणि ती मी पाळणार आहे. ते ८० इंजिनाला तासन्‌तास झेपतात का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

सातपूर, निवृत्त टर्नर

माझा अनुभव १९८९ सालचा, गाडी येझदी, आणि गंमत म्हणजे इंजिन जाम झाले ते वेगात नव्हे, तर उतारावर. इगतपुरीहून कसारा घाट उतरताना पेट्रोल वाचवावे म्हणून मी ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी गिअरमध्येच ठेवली होती. त्या काळी आम्ही पेट्रोलमध्येच ऑइल मिसळत असू, लिटरमागे ४० मिलिलिटर. त्यामुळे पेट्रोल आत गेले तरच ऑइल आत जाणार, हे साधे गणित माझ्या डोक्यात आले नाही. उतारामुळे चाक इंजिनाला जोरात फिरवत होते, फेरे भरपूर होते आणि पिस्टनला ऑइल मात्र जवळपास मिळतच नव्हते. तिसऱ्या-चौथ्या वळणावर ‘किर्र’ असा एक बारीक आवाज आला आणि मागचे चाक रस्त्यावर घासू लागले. डावा हात क्लचवर होता म्हणून वाचलो.

दुसऱ्या दिवशी सिलिंडर काढला तेव्हा बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या पोकळीच्या) भिंतीला ॲल्युमिनियमचा चंदेरी लेप चिकटलेला होता आणि पिस्टनच्या एका बाजूला नखाने जाणवतील असे उभे ओरखडे होते. बोअर मीच लेथवर धरून मोठा केला आणि ओव्हरसाइज पिस्टन बसवला. तेव्हापासून घाट उतरताना मी दर थोड्या वेळाने क्लच दाबून एकदा रेस देत असे. आताच्या फोर-स्ट्रोक गाड्यांत ऑइल वेगळे राहते आणि पंपाने फिरते, त्यामुळे ही विशिष्ट भीती उरलेली नाही. तरीही इंजिन मेले ते वेगाने की कोरडे पडल्याने, हा प्रश्न तिथेही पहिला विचारावा, असे माझे मत आहे.

सिडको, गॅरेजचालक, २७ वर्षे

सातपूरच्या काकांशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्याकडे हाफ इंजिनच्या कामाला, म्हणजे सिलिंडर-पिस्टन उघडून दुरुस्त करायला, ज्या गाड्या येतात, त्यांच्या मालकांना मी आधी एकच प्रश्न विचारतो: इंजिनात ऑइल किती आहे हे दाखवणारी पट्टी शेवटची कधी पाहिली होती? बहुतेकांना ती पट्टी कुठे असते हेही ठाऊक नसते.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. पार्सल पोहोचवणारा एक तरुण रोज नाशिक-मालेगाव-नाशिक करत असे, वेग ऐंशी ते नव्वद. ऑइल वेळच्या वेळी, दर तीन हजार किलोमीटरला बदलत असे आणि म्हणून त्याला वाटे की आपण काळजी घेतो. शहरात चालणारी तीच गाडी तीन हजारांत जेवढे ऑइल खाते, त्याच्या कितीतरी पट ऑइल सलग वरच्या फेऱ्यांवर पिस्टनच्या रिंगांच्या वाटेने वर जाऊन जळते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. एवढ्याशा इंजिनात मुळात ऑइल असते एक लिटरच्या आसपास. त्यातले निम्मे गेले की उरलेल्यालाच सगळी उष्णता वाहावी लागते, ते पातळ होते आणि पंप कधी ऑइल तर कधी हवा ओढू लागतो. त्याची गाडी चांदवडच्या पुढे राहूड घाटात बंद पडली. मी ड्रेन बोल्ट उघडला तेव्हा खाली चहाच्या कपभर काळे पाणी निघाले. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या बसण्याच्या जागा निळ्या पडल्या होत्या. पिस्टन मात्र, आश्चर्य म्हणजे, पुन्हा बसवता आला.

धागाकर्त्यांना माझा सल्ला: निघण्यापूर्वी ऑइल बदला, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचेच घाला, आणि मोटारीचे ऑइल स्वस्त मिळाले म्हणून ओतू नका. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो आणि चुकीच्या ऑइलने तो घसरतो. टॅपेटचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचे) अंतर थंड इंजिनावर तपासून घ्या. बाटलीत अर्धा लिटर सोबत ठेवा.

देवळाली कॅम्प, माजी सैनिक, जुनी बुलेट ३५०

माझ्या गाडीचा सिलिंडर ओतीव लोखंडाचा आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा आहे. ॲल्युमिनियम उष्णतेने लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगते, आणि लोखंड आतली उष्णता बाहेर टाकण्यात मंद असते. त्यामुळे सलग वेगात पिस्टन फुगत जातो आणि त्याला जागा देणारी भिंत मागे राहते. ज्या मेहुण्यांना साठच्या पुढे भीती वाटते, त्यांनी तरुणपणी अशीच गाडी चालवलेली असणार. त्यांना हसू नये.

मे महिन्यात सिन्नर-संगमनेर रस्त्यावर माझी गाडी दोनदा धरली, म्हणजे इंजिन जाम झाले. दोन्ही वेळा आधी खूण मिळाली होती: ॲक्सिलरेटर तेवढाच असताना गाडी जड झाली, जणू कोणी मागून पदर ओढावा तशी, आणि गुडघ्यांना टाकीखालून नेहमीपेक्षा वेगळी धग लागू लागली. पहिल्या वेळी मी मूर्खासारखा आणखी पिळत गेलो. दुसऱ्या वेळी क्लच दाबून बाजूला घेतली, झाडाखाली अर्धा तास थांबलो, किक हळूच मारून पाहिली आणि ती मोकळी निघाली. आजही मी सत्तरच्या वर जात नाही आणि दर पन्नास मिनिटांनी चहाला थांबतो. इंजिनाला विश्रांती की मला, हे आता नक्की सांगता येणार नाही.

पिंपळगाव बसवंत, द्राक्षबागायतदार

स्प्लेंडर, अकरा वर्षे, पिंपळगाव ते नाशिक मार्केट, जाताना व येताना ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत. ऑइल वेळेवर. इंजिन एकदाही उघडलेले नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट मात्र तीनदा बदलली.

कॉलेज रोड, यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक

वरच्या दोन अनुभवांत जो विरोध दिसतो, सलग वेगात धरणारी बुलेट आणि पूर्ण पिळूनही न धरणारी स्प्लेंडर, तो समजून घेतला तर धागाकर्त्यांचा प्रश्न निम्मा सुटतो. इंजिनाला गाडीचा वेग कळत नाही. त्याला कळतात ते फेरे, भार आणि उष्णता.

फेऱ्यांचा ताण मोजण्याची एक सोपी रीत म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग: स्ट्रोकची, म्हणजे पिस्टनच्या एका खेपेची, लांबी दुप्पट करायची आणि सेकंदाच्या फेऱ्यांनी गुणायची. बुलेट-क्लासिकच्या ३४६ सीसी इंजिनाचा स्ट्रोक ९० मिलिमीटर. मिनिटाला ५,२५० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला सुमारे पावणेसोळा मीटर धावतो. स्प्लेंडरचा स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर, तिचे ८,००० फेरे कानाला किंचाळल्यासारखे वाटले तरी पिस्टनचा वेग सव्वातेरा मीटरच्या आतच राहतो. म्हणजे आवाजावरून आपण जिला बिचारी समजतो, तिच्या पिस्टनची धावपळ त्या धीरगंभीर गाडीपेक्षा कमी असते. शिवाय तिची एकूण ताकदच आठ अश्वशक्तीच्या आसपास आहे, त्यामुळे बाहेर टाकायची उष्णताही बेताची.

दुसरी गोष्ट हवेची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने. ताशी ८० वरून १०० वर गेलो की वेग सव्वापट होतो, परंतु केवळ हवेसाठी लागणारी ताकद जवळपास दुप्पट होते. समोरून वीस किलोमीटरचा वारा असेल तर ८० वर चाललेल्या गाडीलाही हवा शंभरासारखीच वाटते. १५० सीसीच्या गाडीत ८० वर ताकद शिल्लक असते. शंभराला ती संपत आलेली असते आणि ॲक्सिलरेटर कायम टोकाला राहतो.

तिसरी गोष्ट लाल पट्टीची, आणि इथे भाच्याचे थोडे चुकते. लाल पट्टी म्हणजे गिअर बदलताना क्षणभर जाण्याची हद्द. ती मुक्कामाची जागा नव्हे. फेरे ६,००० वरून ८,५०० झाले की पिस्टन दर फेरीला दोनदा थांबवून उलटा फिरवण्याचा जडत्वाचा ताण दुप्पट होतो, आणि तो कनेक्टिंग रॉड व बेअरिंगवर येतो. मी स्वतः १५० सीसीच्या गाडीने महाविद्यालयीन कामासाठी धुळ्याला अनेकदा गेलो आहे. काटा ६,००० च्या आसपास ठेवून, ज्या वेळी वेग ऐंशीच्या जवळ असतो, अडीच तासांचे अंतर एका थांब्यात काढले. सत्तर हजारांनंतर माझ्या इंजिनात फक्त टायमिंग चेन बदलावी लागली.

इंदिरानगर, ड्यूक ३९०

मी हाच रस्ता मार्चमध्ये एकटीने केला. पळासनेरनंतर सेंधव्याचा घाट सोडला तर गाडीला श्रम असे पडलेच नाहीत. माझे इंजिन पाण्यावर थंड होणारे आहे आणि ताकद भरपूर असल्यामुळे ऐंशीला ते अर्धवट झोपेत असते. तापमानाच्या रेघा चढल्या त्या महामार्गावर नव्हे, तर परत आल्यावर द्वारका चौकातल्या कोंडीत. पंखा सुरू झाला आणि मांड्या भाजून निघाल्या.

मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. दोनशे किलोमीटरनंतर तळहात बधिर झाले, नजर एका रेषेवर खिळली, आणि खलघाटला नर्मदेवर पोहोचले तेव्हा मधल्या वीस किलोमीटरमध्ये काय पाहिले ते आठवेना. इंजिनाला त्रास होण्याच्या बऱ्याच आधी तो मला झाला. इंदूरजवळ पीथमपूरला वाहनांच्या चाचणीचा ११.३ किलोमीटरचा अंडाकृती ट्रॅक आहे, २०२१ मध्ये सुरू झालेला. सलग वेगाची परीक्षा घेण्यासाठी अशी जागा असते, जिथे आडवा ट्रॅक्टर येत नाही. कोणी समृद्धीचा सल्ला दिला तर ऐकू नका. तिथे दुचाकीला बंदी आहे.

अंबड, टायरच्या दुकानात नोकरी

सगळे इंजिनाबद्दल बोलत आहेत म्हणून दोन ओळी. टायरच्या बाजूवर आकाराच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते: जे म्हणजे ताशी १०० पर्यंत, एल म्हणजे १२०, पी म्हणजे १५०. ही मर्यादा हवा बरोबर असलेल्या, धडक्या टायरची. दोघे बसणार असाल तर मागच्या चाकात मॅन्युअलप्रमाणे जास्त हवा भरा, आणि ती थंड टायरमध्ये मोजा.

नाशिकरोड, १६० सीसी

ऑइल बरोबर, फेरे बरोबर, तरी माझा पिस्टन गेला, म्हणून लिहितो. आवाज भारदस्त व्हावा या हौसेने मी मूळ एअर फिल्टर काढून उघडा फिल्टर बसवला होता. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, मात्र तेच. आत हवा जास्त आणि पेट्रोल तेवढेच, म्हणजे मिश्रण कोरडे झाले. गावात काही कळले नाही. धुळ्याकडे जाताना, दुपारी, समोरून वारा असताना तासाभरात आधी फुटाण्यांसारखा तडतड आवाज आला आणि मग ताकद गेली. प्लग काढला तो खडूसारखा पांढरा होता. नेहमीचा विटकरी-तपकिरी रंग औषधालाही नव्हता. पिस्टनच्या माथ्यावर कडेला वितळून खळगा पडला होता, करंगळीचे टोक बसेल एवढा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि त्यानेही जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचे मिश्रण थोडे कोरडेच होते. धागाकर्त्यांची गाडी कार्बोरेटरची असेल तर पन्नास किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवून प्लगचा रंग अवश्य पाहावा.

धागाकर्ता, जानेवारी

सर्वांचे आभार. जाऊन आलो, येता-जाता मिळून ८४६ किलोमीटर झाले. ऑइल बदलले, टॅपेट तपासले, प्लग पाहिला, तो तपकिरी निघाला. काटा ६,००० च्या वर जाऊ दिला नाही. गाडीचा स्पीडोमीटर ८० दाखवत असताना मोबाइल ७४-७५ दाखवत होता, हे पहिल्यांदाच कळले. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये असा दंडक असल्यामुळे कंपन्या तो थोडा पुढे ठेवतात, असे प्राध्यापकांनी फोनवर सांगितले.

शिरपूरला पेट्रोल भरताना गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, पाच मिनिटे थांबून, पट्टी पुसून पाहिली: दोन खुणांच्या बरोबर मध्ये. इंदूरला पोहोचल्यावर ती खालच्या खुणेला टेकली होती. नाशिकमध्ये वर्षभरात एवढी कधी उतरली नव्हती. सिडकोच्या गॅरेजवाल्यांची अर्ध्या लिटरची बाटली तिथे उघडली आणि परत येईपर्यंत जवळजवळ सगळी संपली. इंजिनाचा आवाज आहे तसाच आहे. मेहुण्यांना हे सांगितले तर त्यांनी उरलेली बाटली उजेडात धरून पाहिली आणि विचारले, “मग इतकी वर्षे ही पट्टी तुम्ही पाहतच नव्हता?”