चर्चने शिधा वाटावा, की भाडेवाढीवरही बोलावं?

उत्तरा_के

अमेरिकेतल्या एका मेथडिस्ट (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा एक पंथ) चर्चमधला वाद नात्यातल्या एका बाईंकडून ऐकला. तिथली मंडळी बरीच वर्षं शिधा वाटते, कडाक्याच्या थंडीत बेघरांना रात्री झोपायला तळघर उघडून देते, शाळकरी मुलांचा अभ्यास घेते. याबद्दल कुणाचीही तक्रार नाही. पण त्यांच्यातलेच काही जण नगर परिषदेच्या सभेत जाऊन घरभाडं आणि किमान वेतन यांवर चर्चच्या नावानं बोलायला लागले, आणि भडका उडाला. "आम्ही सेवेला येतो, राजकारणाला नाही," असं निम्म्या लोकांचं म्हणणं.

मला हे म्हणणं पटत नाही. निदान मेथडिस्टांच्या तोंडी तर ते मुळीच शोभत नाही. त्यांच्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली यानं १७४६ मध्ये लंडनमध्ये गरिबांसाठी दवाखाना काढला. त्याच सुमारास गावभर फिरून ५० पौंड जमवले आणि छोटा कर्जनिधी सुरू केला. २० शिलिंगपर्यंत रक्कम मिळायची, तीन महिन्यांत फेडायची. ही झाली सेवा. पण याच माणसानं १७७४ मध्ये गुलामांच्या व्यापारावर जळजळीत पुस्तिका लिहिली आणि १७९१ मध्ये, मरणाच्या जेमतेम आठवडाभर आधी, ब्रिटिश खासदार विल्बरफोर्सना पत्र पाठवून त्या व्यापाराविरुद्धची कायद्याची लढाई सोडू नका म्हणून सांगितलं. पुढे १९०८ मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चनं सामाजिक जाहीरनामाच काढला. बालमजुरी बंद करा, कामाचे तास कमी करा, आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या, पोट भरेल इतकं वेतन द्या. हे राजकारण नव्हतं तर काय होतं?

माझ्या मते शिधावाटप करणाऱ्यालाच भाड्याबद्दल बोलायचा पहिला हक्क आहे. कोण कशामुळे रांगेत आलं हे त्याला समोर दिसत असतं. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_काका

साफ असहमत. ताई, तुमच्या यादीतून एक गोष्ट सोयीस्करपणे गळली आहे: दारूबंदी. अमेरिकेत तिच्यामागे सगळ्यात हिरिरीनं कोण उभं होतं? मेथडिस्ट. तोही त्यांच्या लेखी सामाजिक न्यायच होता. १९२० मध्ये बंदी लागू झाली, १९३३ मध्ये घटनादुरुस्ती मागे घ्यावी लागली. मधल्या तेरा वर्षांत चोरटी दारू आणि गुंडांच्या टोळ्या फोफावल्या. चर्चला वाटलं म्हणून कायदा केला की हे असं होतं.

शिवाय शिध्याच्या टेबलामागे दोन्ही पक्षांचे लोक खांद्याला खांदा लावून उभे असतात. आजच्या अमेरिकेत अशा जागा किती उरल्यात? तिथे भाडेनियंत्रणाचा ठराव आणा, पुढच्या रविवारी निम्मे बाक रिकामे. समलिंगी विवाह आणि समलिंगी पाळक (धर्मगुरू) यांवरच्या वादात २०१९ ते २०२३ या काळात युनायटेड मेथडिस्ट चर्च या मेथडिस्टांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेतून सुमारे ७,६०० मंडळ्या (स्थानिक चर्च) बाहेर पडल्या, म्हणजे अमेरिकेतल्या जवळपास एक चतुर्थांश. प्रत्येक फुटीबरोबर शिध्यासाठी हात आणि पैसाही जातो, हे हिशेबात धरा.

हिशेबनीस

भांडणाआधी नियम सांगतो, कारण दोन्ही बाजूंना तो माहीत नसतो. १९५४ पासून अमेरिकेत करमाफी घेणाऱ्या संस्थेला, चर्चसकट, निवडणुकीत उमेदवाराच्या बाजूनं वा विरोधात प्रचार करायची मनाई आहे. प्रश्नांवर बोलायला मनाई नाही. एखाद्या विधेयकासाठी पाठपुरावाही करता येतो, फक्त तो संस्थेच्या कामाचा मोठा भाग होता कामा नये. तेव्हा नगर परिषदेत भाड्यावर बोलणं बेकायदा नाही. शहाणपणाचं आहे का, ते तुम्ही ठरवा.

कर्जनिधीबद्दल एक गंमत. लंडनचा पुढे गाजलेला पुस्तकविक्रेता जेम्स लॅकिंग्टन यानं धंद्याच्या सुरुवातीला त्याच निधीतून ५ पौंड घेतले होते. श्रीमंत झाल्यावर आत्मचरित्रात त्यानं मेथडिस्टांचीच यथेच्छ टिंगल केली. मदत अशीच असावी, घेणारा पुढे टिंगल करायलाही मोकळा!

निरीश्वर

दोघांचंही चुकतंय. जेवण, निवारा, औषध ही सरकारची जबाबदारी. चर्च ती उचलतं तेव्हा सरकारचं फावतं. आणि ताटाआधी प्रार्थना ऐकावी लागत असेल तर ती सेवा नाही, सौदा आहे. आपल्याकडे मिशनऱ्यांच्या कामाबद्दल हा संशय जुनाच आहे, आणि सगळाच खोटा नाही.

उत्तरा_के

@निरीश्वर, प्रार्थनेची अट असेल तर माझाही विरोध. पण सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. १९४० मध्ये स्थापन झालेली मेथडिस्टांची मदत समिती धर्म, वंश न पाहता मदत करण्याचं तत्त्व जाहीरपणे मानते. सरकारनं करायला हवं हे कबूल, पण सरकारला ते सांगायला कुणीतरी जायला हवं ना? काका तर तेवढंही जाऊ नका म्हणतायत.

@काका, दारूबंदी फसली, मान्य. पण ती मागणी कुठून आली ते पाहा. नवऱ्याचा पगार गुत्त्यात संपायचा आणि बायकोला ना मताचा अधिकार, ना कोर्टात फारसा आधार. फ्रान्सिस विलार्ड ही मेथडिस्ट बाई दारूबंदीबरोबर स्त्रियांचा मताधिकार आणि आठ तासांचा दिवस यांसाठीही लढली. त्यातल्या दोन मागण्या आज कुणाला चुकीच्या वाटत नाहीत. एक औषध लागू पडलं नाही म्हणून रोगाचं नावच काढायचं नाही?

काळा_फळा

धाग्यातला आदर जरा जास्त होतोय, म्हणून लिहितो. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये काळ्या भाविकांना प्रार्थना चालू असताना गुडघ्यांवरून उठवण्यात आलं. रिचर्ड अ‍ॅलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले आणि १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभं राहिलं. १८४४ मध्ये एका बिशपच्या घरी गुलाम आहेत यावरून वाद पेटला आणि मेथडिस्ट उत्तर-दक्षिण दुभंगले. १९३९ मध्ये परत एकत्र आले ते कसे? काळ्या मंडळ्यांसाठी वंशावर आधारलेला वेगळा विभाग करून. तो १९६८ पर्यंत टिकला. म्हणजे इतरांना न्याय शिकवणारं चर्च आपल्या घरात वर्णभेद नियमाप्रमाणे चालवत होतं.

वेस्लीच्या पत्राचा दाखला देताना हेही वाचा.

खडूस_काका

@काळा_फळा, धन्यवाद, माझंच काम केलंत. आधी आपलं अंगण झाडा.

काळा_फळा

नाही काका, मी तुमच्या बाजूचा नाही. अ‍ॅलन गप्प बसले असते तर तुमचं 'राजकारण नको' जिंकलं असतं. न्यायाची भाषा चर्चमध्ये आली ती बाहेर ढकललेल्यांकडून, ठराव लिहिणाऱ्यांकडून नाही.

उत्तरा_के

हाच धागा पुढे नेते. जेम्स लॉसन हे काळे मेथडिस्ट. कोरियन युद्धात भरती नाकारली म्हणून तुरुंगात गेले. सुटल्यावर १९५३ मध्ये मिशनरी म्हणून आले ते थेट नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात! इथे सत्याग्रहाचा अभ्यास केला, अमेरिकेत माँटगोमेरीच्या काळ्या लोकांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर घातलेल्या बहिष्काराची बातमीही नागपूरच्याच वर्तमानपत्रात वाचली. (हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?) परत जाऊन नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांना अहिंसेचं शिक्षण दिलं. १९६० मध्ये तिथे उपाहारगृहांतल्या वर्णभेदाविरुद्ध ठिय्या आंदोलन झालं आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठानं लॉसनना काढून टाकलं. १९६८ मध्ये ते मेम्फिसमध्ये पाळक होते. कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन सफाई कामगार मेले, संप झाला. संपाच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या समितीचे प्रमुख लॉसन होते, मार्टिन ल्यूथर किंगना बोलावणारेही तेच. किंग यांची तिथेच हत्या झाली, पण कामगारांच्या संघटनेला मान्यता मिळाली आणि पगारवाढही झाली.

आता सांगा काका, त्या कामगारांना चर्चनं फक्त शिधा द्यायला हवा होता का?

खडूस_काका

लॉसनना माझा नमस्कार. पण ते स्वतः पुढे झाले, स्वतः तुरुंगात गेले, स्वतः विद्यापीठातून निघाले. तुमच्या त्या चर्चमधली परिषदेत बोलायला जाणारी समिती काय गमावणार आहे? मेथडिस्टांचं ठरावांचं एक जाडजूड पुस्तक निघतं, जगातल्या प्रत्येक प्रश्नावर त्यात मत असतं. किती सदस्यांनी ते उघडलं असेल? नागरिक म्हणून सभेत जा, स्वतःच्या नावानं बोला. मंडळीचं नाव वापरायचं तर आधी मंडळीला विचारा.

हिशेबनीस

काकांचा शेवटचा मुद्दा वजनदार आहे. फक्त तो पुरता घ्या. मंडळीला विचारायचं तर कुणाला? देणगी देणाऱ्यांना, की पिशवी घेऊन जाणाऱ्यांना?

वेस्लीच्या काळातली एक साधी व्यवस्था आठवते. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहावरचं कर्ज फेडायला सदस्यांचे साधारण बारा-बारांचे गट केले, दर गटाचा एक प्रमुख, आठवड्याला माणशी एक पेनी. प्रमुख घरोघर जायचा, पैसे आणि खुशाली दोन्ही गोळा करायचा. त्यातून खाणकामगार, विणकर, मोलकरणी हिशेब ठेवायला आणि चारचौघांत बोलायला शिकल्या. १८३४ मध्ये इंग्लंडमधल्या टॉलपडल गावच्या ज्या सहा शेतमजुरांना संघटना बांधली म्हणून ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवलं, त्यातले पाच मेथडिस्ट होते आणि त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा त्यांच्यातला हौशी उपदेशक. आठवड्याची मजुरी ९ शिलिंगवरून ७ वर आली होती, पुढे ६ करणार म्हणत होते. मजुरीचा प्रश्न मांडायला त्यांना दुसऱ्या कुणाची गरज पडली नाही. त्यांना बोलता येत होतं.

आजच्या शिधाकेंद्रात असं काही आहे का? बहुतेक ठिकाणी एका बाजूला स्वयंसेवक, दुसऱ्या बाजूला 'लाभार्थी'. मग परिषदेत जाणारेही स्वयंसेवकच.

उत्तरा_के

हे मला पटलं. नात्यातल्या त्या बाईंना विचारलं. समितीत शिधा घेणारं कुणीही नाही म्हणाल्या.

खडूस_काका

मग घ्या. पण उद्या त्यातलाच एक जण म्हणाला, की मला भाडेनियंत्रण नको, त्यानं घरं बांधणं थांबतं, मला गोदामातल्या नोकरीला जायला बस हवी, तर तुमची न्यायवाली मंडळी ऐकेल? की त्याला जागृत नाही म्हणून समजवायला बसेल?

उत्तरा_के

ऐकावंच लागेल. आणि मग बसच्या मार्गासाठीही त्याच परिषदेत जावं लागेल, काका. तेव्हा तुम्ही 'राजकारण नको' म्हणणार नाही ना?

खडूस_काका

बस कुठल्या वस्तीतून जाते त्यावर ठरवीन.