चर्चा: पुणेकर मासेखाऊंनी पाकट घेणं थांबवावं का?

मुठाकाठचा: गणेश पेठेच्या मासळी बाजारात मोठं पाकट, म्हणजे तो चपटा, लांब शेपटीवर काटा असलेला मासा, कापताना पाहिलं. पोटातून गाबोळी नाही, पिल्लंच निघाली. पूर्ण घडलेली, पंखांच्या कडा आत वळलेल्या, शेपटीवर काळे-पांढरे पट्टे. पाठीवरच्या पांढऱ्या ठिपक्यांवरून ते मॅक्युलाबॅटिस जेरार्डी या जातीचं असावं. माझ्या मते हा मासा आपण घेऊच नये. सुरमई लाखांनी अंडी सोडते. या पाकटाची मादी एका खेपेला फार तर चारेक पिल्लं देते. ती आधी बलकावर वाढतात, मग गर्भाशयाच्या भिंतीतून पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर. वयात यायला पुन्हा काही वर्षं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत ही जात संकटग्रस्त आहे.

हर्णैकर: पाकटासाठी ट्रॉलर कोणी काढत नाही, दादा. जाळं ओढतात कोळंबीसाठी. कोळंबी चिखलाच्या तळाला, तिला आणि कुर्ल्यांना खाणारं पाकटही तिथंच. तळ खरवडला की ते येणारच. मेलेलं वर आलं तर फेकून द्यायचं का? पापलेट परवडत नाही त्या घरांत मोरी (शार्क) आणि पाकटच शिजतं. कोळणीची ती पाटी बंद पाडून समुद्रात एकही पाकट वाढणार नाही.

मुठाकाठचा: भाव मिळतो म्हणूनच ते बर्फात जातं. पाकटाच्या डोळ्यांमागे छिद्रं असतात. त्यांतून पाणी आत घेऊन ते पोटाखालच्या कल्ल्यांतून सोडतं, म्हणून तर वाळूत अंग पुरून बसलं तरी गुदमरत नाही. जाळं थोडाच वेळ ओढलं असेल तर जिवंत वर येऊ शकतं. गिऱ्हाईक नसेल तर परत सोडतील.

हर्णैकर: जिवंत पाकट हाताळणं जिकिरीचं असतं. शेपटीवरचा काटा करवतीसारखा, त्याच्या खोबणीत विष. लागला तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं, तरी कळ सहज जात नाही. म्हणून खलाशी आधी शेपूटच तोडतात. आणि पोटुशी मादी जाळ्यात आली की धसक्याने अपुऱ्या दिवसांची पिल्लं टाकते. सोडून दिलीत तरी ती वीण गेलेलीच.

टेकडीवरची: मी प्राणिशास्त्र शिकवते. मुठाकाठचा यांची कळकळ पटते, उपाय पटत नाही. पुण्यात येतं ते बहुतेक शेपूट तोडलेलं, पुष्कळदा सोललेले तुकडेच. जात ओळखणार कशी? काटेरी पाकट, युरोजिम्नस अस्पेरिमस, 2001 मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कडक संरक्षणाच्या यादीत, घातलं गेलं. त्याचे तुकडे आले तर तुम्हाला कळेल? जातवार नोंद बंदरावर, शेपूट तुटण्याआधी व्हायला हवी. बाजारातल्या बहिष्काराने ती होत नाही.

मुठाकाठचा: ओळखता येत नाही हेच तर न घेण्याचं कारण!

अलिबागची लेक: ताजं पाकट पुण्यात घेऊच नये, पण माझं कारण वेगळं. याच्या रक्तामांसात युरिया असतो. मेल्यावर त्याचा अमोनिया होतो, आणि घाट चढून येईपर्यंत तो वास नाकात जातो. कोकम घाला, तिरफळं घाला, जात नाही. खारवलेलं सुकं पाकट मात्र मी घेते आणि घेत राहीन. तळहाताएवढी पाकटं सगळी पिल्लंच असतात असं नाही, बुटक्या जाती वेगळ्या आहेत. सरसकट बंद म्हणणं अन्यायाचं आहे.

हर्णैकर: मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कासवं बाहेर पडावीत म्हणून ट्रॉलच्या जाळ्यात बसवायची चौकट केली आहे. तिच्या गजांना अडून मोठी पाकटंही बाहेर निघू शकतात. पण चौकट लावली की थोडी कोळंबीही निसटते, म्हणून मालक कुरकुरतात. त्यांना तो तोटा कोण भरून देणार? पुण्यात हॉटेलात बसून कोळंबी खाणारा पाकटाला हातही लावत नाही, आणि जाळं ओढलं जातं त्याच्यासाठी. बहिष्कार घालायचाच तर कोळंबीवर घाला.

मुठाकाठचा: ट्रॉलच्या कोळंबीवर घालायला मी तयार आहे. पण पोटुशी पाकटं विकत घेणं त्याने योग्य ठरत नाही. तुमच्या बंदरावर ती चौकट लावणारी एखादी बोट असेल तर सांगा. तिचा माल पुण्यात कुठं उतरतो ते मी शोधतो आणि इथं लिहितो.