पहिला रायफल स्कोप कोणता घ्यावा? (.३०८, टार्गेट आणि रानडुक्कर, टेक्सास)

वाटसरू७८:
नमस्कार मंडळी. सॅन अँटोनिओच्या बाहेर राहतो, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हातात पडलं आणि इतकी वर्षं मनात होतं ते केलं, .३०८ कॅलिबरची (साधारण ०.३ इंच जाडीची गोळी) बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हातानं बोल्ट मागंपुढं करायचा अशी, रायफल घेतली. ऑफिसातल्या एकाच्या सासऱ्यांचं रँच आहे, तिथं रानडुकरांनी उच्छाद मांडलाय, ते म्हणतात कधीही ये आणि मार. आमचं गाव पाटणकडचं, भुईमूग काढणीला आला की एका रात्रीत डुकरं वावर उकरून जायची आणि वडील पत्र्याचा डबा वाजवत बांधावर बसायचे, त्यामुळं त्या माणसाचं दुखणं मला कुणी समजावून सांगायला नको. बाकी वेळ नेमबाजीच्या रेंजवर १०० यार्डावर कागदी टार्गेट, जमलं तर २००. नोव्हेंबरात हरणाचा सीझन पण करायचाय.

प्रश्न असा की स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण, कोणता. दुकानात ६-२४x५० दाखवला (६ ते २४ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ५० मिलिमीटर), काउंटरवरून पलीकडच्या भिंतीवरच्या पाटीची बारीक अक्षरं वाचता आली, मोह झालाच. बजेट ३५० ते ४०० डॉलर, स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगा-बेस धरून. जाणकारांनी सांगा प्लीज.

रानवारा:
दादा, तो ६-२४ तिथंच ठेवा. मी विस्कॉन्सिनला असते, सासरचे सगळे हरणाच्या ९ दिवसांच्या सीझनला जातात, आता मी पण जाते, आणि माझा पहिला स्कोप नेमका असाच मोठ्या आकड्याचा होता. संध्याकाळ झालेली, हरण झाडीतून निघालं ते चाळीसेक यार्डावर, मी रायफल वर केली तर स्कोपमध्ये नुसते तपकिरी केस. खांदा आहे का मांडी, काही कळेना, आकडा सकाळी कागदावर नेम मारताना वर नेलेला तो तसाच राहिलेला. मी रिंग फिरवतेय तोवर हरण गेलं. गोळी झाडली नाही हे बरंच झालं, कारण जखमी जनावर रात्रभर शोधत फिरणं फार वाईट असतं.

तुमच्या कामाला ३-९x४०. ३ वर ठेवला की १०० यार्डावर ३३-३४ फूट रुंदी दिसते, ६ वर त्याच्या जेमतेम निम्मी. डुकरं कळपानं येतात आणि पळतात, तेव्हा ती रुंदीच कामाला येते. आणि १०० यार्डावर कागदाला ९ पुरतं, .३०८ च्या गोळीचं भोक चांगल्या काचेतून ९ वर दिसतं.

उजेडाचं पण बघा. पुढच्या काचेच्या मिलिमीटरला पॉवरनं भागायचं, जो आकडा येईल तेवढी प्रकाशाची चकती डोळ्यात येते. ४० भागिले ६ म्हणजे साधारण ६.७, अंधारात बाहुली जेवढी उघडते जवळपास तेवढी. ५० भागिले २४ म्हणजे २.१, दिवसा ठीक, सांजवेळी काळोख. टेक्सासात हरणाला सूर्यास्तानंतर अर्धा तास मुभा असते ना, आणि हरण त्याच वेळात निघतं. म्हणून दुकानात ट्यूबलाइटखाली बघू नका, तिथं सगळेच छान दिसतात. संध्याकाळी जा, विनंती करून दाराबाहेर या आणि पार्किंगपलीकडच्या झुडपाच्या सावलीत बघा, फांद्या वेगळ्या दिसतात का नुसता गोळा.

नावंच हवी असतील तर ल्यूपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम ३-९x४० नाहीतर व्होर्टेक्स क्रॉसफायर टू ३-९x४०. मी ल्यूपोल्ड घेईन, हलका आहे आणि काच मला आवडते. व्होर्टेक्सची वॉरंटी मात्र फार चांगली, पावती नसली, सेकंडहँड असला तरी चालते. दोन्ही बजेटात बसून गोळ्यांना पैसे उरतील.

नेमबाज_पुणे:
रानवाराताईंशी सहमत. मी १० मीटर एअर रायफलवाला, आमच्याकडं स्पर्धेत स्कोप चालतच नाही, पीप साइट असते, आणि त्या नुसत्या भोकातून अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर दहा मारायचा असतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेनं २०२४ ला पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम) ब्राँझ घेतलं ते पण स्कोपशिवायच. सांगायचं एवढंच की मोठ्या आकड्यानं नेम सुधारत नाही, उलट आपलं हलणं मोठं दिसतं, माणूस घाबरून चाप ओढतो आणि गोळी बाहेर. ९ वर पण नवख्याला काटा (स्कोपमधली नेमाची फुली) नाचताना दिसेल. नाचू द्या, श्वास अर्धा सोडा आणि चाप हळूच दाबा.

सुगरण_ह्यूस्टन:
मला शिकार म्हटलं की कसंतरीच होतं, भारतात १९७२ च्या कायद्यानं बंद झाली ते चांगलंच झालं असं वाटतं. छंद म्हणून जीव घ्यायचा?

रानवारा:
ताई, तुमचं वाटणं चुकीचं नाही. आमच्याकडं एका हरणाचं मांस हिवाळाभर पुरतं, वाया काही जात नाही. आणि टेक्सासातलं हे डुक्कर मूळचं तिथलं नाहीच, बाहेरून आणलेलं पसरलंय. म्हणून तर खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की २०१९ पासून त्याला लायसन पण लागत नाही. हरणाला लागतं, आणि दादा, तुम्ही २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेले असाल तर हंटर एज्युकेशनचा कोर्स आधी करून टाका.

वाचनमात्र:
एक महत्त्वाचं, धागा वाचून कुणी एच-वन-बी वाला उत्साहात दुकानात जाऊ नये म्हणून लिहितो. ग्रीन कार्डवर ठीक आहे, पण तात्पुरत्या व्हिसावर बंदूक काय नि गोळ्या काय, जवळ ठेवणं फेडरल कायद्यानं गुन्हा आहे, वैध हंटिंग लायसनसारखे ठरावीक अपवाद सोडले तर. आधी वकिलाला विचारा. आणि भावाच्या एअरगनला म्हणून इथला स्कोप बॅगेत टाकून पुण्याला नेऊ नका, रायफल स्कोपला निर्यातीचे नियम लागतात.

वाटसरू७८:
सगळ्यांचे मनापासून आभार, कोर्सला नाव घातलं. ल्यूपोल्ड ३-९x४० घेतला, दुकानदारानं खरंच दाराबाहेर नेऊ दिला, दोन्हीतला फरक झुडपात लगेच कळला. आता रेंजवर जाण्याआधी काय बघू? बसवायचा मीच आहे.

रानवारा:
छान केलंत! आता घाई नको. बेस आणि रिंगा स्वस्तातल्या घेऊ नका, निम्म्या वेळा "स्कोप बिघडला" म्हणतात तेव्हा ढिला स्क्रू असतो. टॉर्कचा, म्हणजे स्क्रू किती घट्ट झाला ते दाखवणारा, स्क्रूड्रायव्हर घ्या, रिंगांना १५-१८ इंच-पाउंड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी डब्यातला कागद वाचा. डोळा आणि काच यात साडेतीन इंच तरी ठेवा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, मग उघडायचे, पूर्ण गोल दिसला पाहिजे, मान पुढंमागं करावी लागली तर स्कोप सरकवा. माझ्या दिरानं हे केलं नाही, पहिल्याच धक्क्याला भुवईवर अर्धा चंद्र उमटला आणि टाके पडले.

झिरो, म्हणजे काटा जिथं तिथंच गोळी लागेल अशी जुळणी, २५ यार्डापासून सुरू करा. रायफल रिकामी आहे ना ते बघून बोल्ट काढा, नळीतून टार्गेटचं केंद्र बघा, रायफल न हलवता काटा तिथं आणा, मग गोळी. स्कोपवरची काटा सरकवायची चकती फिरवताना होणारा एक क्लिक पाव एमओए (कोनाचं माप), म्हणजे १०० यार्डावर पाव इंच, पण २५ वर इंचाचा सोळावा भाग. २५ ला गोळी दोन इंच खाली गेली तर ८ नाही, ३२ क्लिक. इथं सगळे चुकतात. मग १०० वर जा, तीन-तीन गोळ्यांचा ग्रुप बघून क्लिक करा, एकेका गोळीमागं धावू नका. १०० चा झिरो असला की २०० ला .३०८ साधारण ४ इंच खाली जाते, ते स्वतः मारून वहीत लिहा.

आणि डुकराचं काळीज हरणापेक्षा पुढं आणि खाली असतं, पुढच्या पायाच्या सरळ रेषेत. खांद्यामागं मारलंत तर पोटात लागेल.

वाटसरू७८:
शनिवारी गेलो होतो. २५ ला ३२ नाही पण २४ क्लिक लागले, १०० ला शेवटचे तीन दीड इंचात. वहीला पहिलं पान लागलं.

रानवारा:
वा, फार छान! वीसेक गोळ्या झाल्या असतील, तर पुढच्या वेळी जाण्याआधी सगळे स्क्रू एकदा परत तपासा.