बाबांना बोलतं कसं करायचं? (फौज, इंजिनियरिंग, आणि "काय सांगायचं त्यात")

शेवटचं_पान:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या. बाबा पुढच्या वर्षी ८० चे होतील. तरुणपणी फौजेत इंजिनियर होते, पूल-रस्ते वगैरे, मग बाहेर पडून एका कारखान्यात रिटायर होईपर्यंत इंजिनियरच. आम्ही भावंडांनी ठरवलं की वाढदिवसाला त्यांच्या आयुष्यावर छोटं पुस्तक करायचं, घरापुरतंच. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि इथेच गाडी अडलीय. मी वही घेऊन बसते, विचारते "बाबा, लढाईच्या काळात काय वाटायचं हो?" तर "काय वाटणार, ड्यूटी होती." आमच्या जन्माच्या वेळी? "मी नव्हतो तिथे, आईला विचार." कारखान्यातली तीसेक वर्षं? "नोकरी केली." चार बैठकांत मिळून पाऊण पान झालंय. माणूस मुळात अबोल नाहीये हो, नळ गळत असला की अर्धा तास बोलतील. कोणी हे केलंय का? प्रश्न कसे विचारलेत?

जुनी_पट्टी:
मी स्वतः रिटायर्ड इंजिनियर आहे त्यामुळे स्पष्टच सांगतो, राग मानू नका. "काय वाटायचं" हा प्रश्न मला कोणी विचारला तर मीपण "काही नाही" म्हणेन आणि पेपर उघडेन. तुमचं उत्तर तुम्हीच दिलंय की, नळावर अर्धा तास बोलतात! त्यांना कसं वाटलं ते विचारू नका, कसं केलं ते विचारा. पूल बांधला ना, मग कसा बांधला, माणसं किती होती, काय बिघडलं, बिघडल्यावर काय केलंत. बाकीचं त्यातून आपसूक बाहेर येतं.

दुसरं म्हणजे हातात वस्तू द्या. घरात कुठेतरी त्यांचा स्लाइड रूल, म्हणजे हिशेबाची सरकती पट्टी, असणार, आमच्या पिढीतला इंजिनियर तो टाकून देत नाही. माझ्या नातवाने एकदा विचारलं हे काय, आणि मी दोन तास सुटलो. गुणाकार म्हणजे लॉगॅरिदमची बेरीज, म्हणून एक पट्टी दुसरीवर सरकवायची की उत्तर समोर, पण फक्त तीन आकडे मिळतात, दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते तुमचं तुम्ही डोक्यात ठरवायचं. म्हणजे उत्तर ३.७५ आहे की ३७५ हे पट्टी सांगत नाही. त्यामुळे आधी अंदाज करायची सवयच लागायची. १९७२ मध्ये एचपी-३५ कॅल्क्युलेटर आला आणि काही वर्षांत पट्ट्या ड्रॉवरमध्ये गेल्या. बघा, तुम्ही विचारलंही नव्हतं, तरी मी सुरू झालोच. ड्रॉइंगच्या अमोनिया प्रिंटच्या वासाबद्दल आज बोलत नाही.

खडूस_नंबर_१:
मला वेगळं वाटतं. नसेल बोलायचं तर नका बोलायला लावू. माझे मामा फौजी होते, त्यांच्याकडून एकाने लग्नाच्या मांडवात खोदून खोदून काढून घेतलं, पुढचे आठ दिवस मामा झोपले नाहीत. पुस्तक तुम्हाला हवंय की त्यांना?

जुनी_पट्टी:
@खडूस, मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच म्हटलं पुलाबद्दल विचारा. कुठे थांबायचं ते त्यांच्या हातात राहतं.

थोरली_सून:
एक फार साधी गोष्ट, कदाचित तुमच्याकडे लागू नसेलही. त्यांचे कान तपासलेत का? माझे सासरे असेच "हं", "झालं ते", एवढंच बोलायचे, आम्हाला वाटायचं स्वभाव. निघालं भलतंच. बंदुका, स्फोट, मशिनची घरघर यात आयुष्य गेलेल्या लोकांचे कान एका ठराविक जागी आधी जातात, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास. मग गाडीचा हॉर्न नीट ऐकू येतो, माणूस बोलतोय हेही कळतं, पण स, श, फ असली अक्षरं गळतात आणि वाक्याचा अर्थच लागत नाही. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज त्यात आणखी अवघड. पुन्हा पुन्हा "काय?" विचारायची लाज वाटते म्हणून माणूस छोटंसं उत्तर देऊन सुटका करून घेतो. ओरडून उपयोग नाही, समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोला, टीव्ही-पंखा बंद करा. कानाचं मशीन घेतलंत तर पहिले काही आठवडे ते काढून ठेवतील, कटकट होते, पण मेंदूला सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. आमचे सासरे आता इतके बोलतात की कधीकधी बॅटरी संपली तर बरं असं वाटतं. (हे त्यांना सांगू नका.)

कागदी_होडी:
माझे वडील बोलायच्या आत गेले, त्यामुळे सल्ला नाही, फक्त एक सांगते. त्यांच्या गाडीची एक वही होती. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती भरलं, ऑइल कधी बदललं, सगळं ताठ अक्षरात. नंतर चाळताना मधेच एक ओळ सापडली, "ऑइल बदलले. मागचा उजवा टायर पंक्चर. धाकटी चालली, ४ पावले." धाकटी म्हणजे मी. आधी पंक्चर आणि मग मी. तेव्हा अशा वह्या शोधा, इंजिनियरच्या घरात असतातच. आणि आठवणींचं म्हणाल तर साधारण १० ते ३० वयातलं म्हातारपणी जास्त ठळक आठवतं म्हणतात, तेव्हा कारखान्याच्या आधी फौजेचं विचारा.

शेवटचं_पान:
तीन आठवड्यांनी परत आलेय, सगळ्यांचे आभार. कानांची तपासणी केली, थोरल्या सूनबाईंचं शंभर टक्के खरं निघालं. मशीन सध्या डबीत आहे, भांडण चालू आहे.

पण रविवारी गंमत झाली. मी पंखा बंद केला, समोर बसले आणि विचारलं, बाबा, तुमचा तो बेली ब्रिज, पलीकडच्या काठावर कोणी नसताना नदीवर टाकायचे कसा? ते थेट उठलेच. दोन स्टुलं लांब लांब ठेवली, एकावर आडव्या पेन्सिली, त्या रोलर, त्यावर स्टीलची मोठी पट्टी, तो पूल. म्हणे डोनाल्ड बेली नावाच्या ब्रिटिश इंजिनियरने दुसऱ्या महायुद्धात काढला, त्याचा एक सुटा तुकडा, म्हणजे पॅनल, १० फूट लांब, ५७० पाउंड, म्हणजे जवळजवळ २६० किलो, सहा जणांनी उचलायचं, क्रेन नाही काही नाही, जाड पिना ठोकून जोडत जायचं. सगळा पूल आपल्याच काठावर जोडायचा आणि पुढे ढकलायचा. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली आणि पडली. माझी मुलगी हसली. म्हणाले, हसू नकोस, हेच होतं. म्हणून पुढे नुसत्या हलक्या सांगाड्याचं नाक लावायचं, त्याच्यावर फळ्यासुद्धा नाहीत, म्हणजे ते पलीकडे टेकेपर्यंत तोल रोलरच्या मागेच राहतो. मग मुलीला पट्टीच्या मागच्या टोकावर बोट ठेवायला लावलं आणि पूल पलीकडे पोचला.

मी हळूच विचारलं, ते सहा जण कोण होते? पाच नावं भराभर सांगितली, गाव कुठलं, कोणाला घोरायची सवय, सगळं. सहावं काही येईना. जेवताना नाही, टीव्हीसमोर नाही. रात्री साडेदहाला जुन्या मित्राला फोन लावला. दोघांनाही धड ऐकू येत नाही त्यामुळे तो फोन अख्ख्या घराने ऐकला. नाव मिळालं. दोघं मग किती वेळ हसत होते.

सकाळी माझी वही बघायला मागितली. मी काढलेलं पॅनलचं चित्र बघून म्हणाले, या तिरप्या पट्ट्या चुकल्यात, पेन्सिल दे. वही अजून परत मिळालेली नाही.