हरभऱ्याच्या मुळांवर गाठी नाहीत, युरिया टाकू का?

काळीमाती:
हरभरा ३५ दिवसांचा, जमीन भारी. पेरताना बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला देणारे जिवाणू) लावलं होतं. खरिपातलं सोयाबीनचं पाकीट उरलं होतं, तेच. आता निम्मं रान फिकट दिसतंय. चार झाडं उपटली तर मुळं साफ. सगळे म्हणतात, एकरी बॅगभर युरिया फेका. काय करू?

खुरपं:
आधी उपटणं थांबवा. झाड ओढलं की गाठी तुटून मातीतच राहतात. वीतभर लांबून कुदळ घाला, ढेकळासकट झाड काढा आणि बादलीभर पाण्यात १५ मिनिटं ठेवून माती अलगद सुटू द्या. पाच ठिकाणची झाडं तरी बघा.

मग गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर ती नत्र बांधतेय. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातकुळीतला. नत्र बांधणारं विकर (एन्झाइम) मोकळ्या प्राणवायूने निकामी होतं, म्हणून झाड गाठीत प्राणवायू असा मोजून-मापून पोचवतं. पांढरी गाठ म्हणजे कोवळी किंवा फुकट खाणारी, हिरवट-तपकिरी म्हणजे संपलेली. गाठ मुळाच्या बाजूला न चिकटता मूळच फुगलेलं असेल, तर तो सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारा बारीक जंत.

पानंही बघा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. तिथे युरियाने काहीच होणार नाही.

वाफसा:
घोळ पाकिटात आहे. मुळं मातीत ठरावीक रसायनं सोडतात, ती ओळखणारा जिवाणूच उलट खूण पाठवतो. मग मूळरोम (मुळावरचा बारीक केस) वळतो आणि जिवाणू आत शिरतो. सोयाबीनच्या जिवाणूची खूण हरभऱ्याला पटत नाही. ज्या रानात आधी हरभरा होऊन गेलाय तिथे जुने जिवाणू असतात, म्हणून गाठी थोड्याफार येतात, पण ठिगळा-ठिगळाने.

बॅगभर युरिया मात्र नको. झाड जिवाणूला साखर पुरवतं आणि बदल्यात नत्र घेतं. मुळाशी नत्र आयतं मिळालं की झाड साखर देणं आखडतं, आहेत त्या गाठीही वाळतात. वर पालाच माजतो.

काळीमाती:
धुऊन बघितलं. खालची पानं पिवळी. उंचवट्यावर झाडाला ३-४ गाठी, गुलाबी. सखल पट्ट्यात गाठी नाहीत, मुळं तपकिरी. तिथे मागच्या पाण्याला दोन दिवस तुंबलं होतं.

खुरपं:
मग दोन वेगळी दुखणी आहेत. सखल पट्ट्यात मुळं गुदमरली. चर काढून पाणी काढा आणि वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाल्यावर, हलकी कोळपणी करा. तिथलं एक झाड उभं चिरून बघा. आत काळपट रेघ असेल तर मर रोग आहे, खताचा प्रश्नच नाही.

उंचवट्यावर फुलोऱ्यात २ टक्के युरिया फवारा, म्हणजे १० लिटर पाण्याला २०० ग्रॅम, तेही सकाळी किंवा संध्याकाळी. ही मात्रा पानातून जाते, मुळाशी ढीग पडत नाही.

वाफसा:
पुढच्या पेरणीला हरभऱ्याचंच पाकीट घ्या, मुदत वाचून. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा. गरम राहिलं तर जिवाणू मरतात. बी ओलसर होईल इतकंच घ्या, जास्त झालं की टरफल सुटतं. बुरशीनाशक आधी, ते सुकल्यावर संवर्धक (पाकिटातले जिवाणू). सावलीत वाळवा आणि त्याच दिवशी पेरा.