म्हातारचळ, विसरभोळेपणा की स्मृतिभ्रंश?

सासूबाईंना डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलाय. आम्ही साताऱ्यात असतो, त्या मूळच्या कोरेगावकडच्या. भेटायला येणारं कुणी 'चळ लागलाय' म्हणतं, कुणी 'साठी बुद्धी नाठी', तेही त्यांच्यासमोर. मला सहन होत नाही. नेमका आणि त्यांचा मान राखणारा शब्द कोणता?

— ताई, 'म्हातारचळ' तर नकोच. उतारवयात न शोभणारे चाळे करणाऱ्याला तो शब्द लावतात, त्यात ठपका आहे. आजारी माणूस मुद्दाम काहीच करत नसतो. 'नाठी' म्हणजे नष्ट झाली. ती म्हण सगळा दोष वयावर टाकते. 'वय झालं' म्हणत कितीतरी घरांत दवाखाना राहून जातो. थायरॉइडच्या बिघाडाने किंवा बी-१२ च्या कमतरतेनेही विसर पडतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. 'विसरभोळा'ही इथे बसत नाही. विसरभोळ्याला आठवण करून दिली की तो 'अरे हो!' म्हणतो.

— 'स्मृतिभ्रंश' म्हणा. शब्द गीतेतही आहे, 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशः', पण तिथे तो क्रोधातून येतो. आज तो डिमेन्शियासाठी, म्हणजे स्मरण आणि विचार करण्याची शक्ती ढासळत जाण्यासाठी, रुळलाय आणि अल्झायमर हे डिमेन्शियाचं सर्वाधिक आढळणारं कारण. तरी 'स्मृती'त सगळं मावत नाही. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या बाईंची हकिगत मांडली, त्यांच्यात सुरुवातीला दिसला तो नवऱ्यावरचा संशय. तेव्हा 'माझे पैसे चोरले' असा आळ सासूबाईंनी तुमच्यावर घेतला, तर तोही आजारच समजा.

— मी सांगलीचा, वडिलांचं करतो. शब्दकोशापेक्षा मला 'घर' या शब्दाने जास्त शिकवलं. दिवेलागणीला दादा 'मला घरी सोड' म्हणतात. 'हेच तुमचं घर' म्हटलं की आणखी चिडतात. त्यांचं घर म्हणजे तासगावकडचा मळा, आजोबा-आजी असतानाचा. 'मळ्यात यंदा काय लावलंय?' विचारलं की बसतात, बोलतात. आणि 'मला ओळखलंत का?' हा प्रश्न घरातून हद्दपार करा. ती परीक्षा होते. सरळ 'आई, मी तुमची सून' म्हणा.

एक 'बरळणे' मात्र वेगळं ठेवा. कालपर्यंत बरं असलेलं माणूस एकाएकी बरळायला लागलं, तर जंतुसंसर्गासारखं कारण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

— मनापासून आभार. 'स्मृतिभ्रंशाचा आजार' असंच सांगेन. पण शेजारच्या काकू विचारतात, 'म्हणजे वेडच ना?'

— 'नाही काकू, मेंदूच्या पेशी झिजत जातात, त्याचा हा आजार.' एवढं पुरे. आणि हे बोलणं बाहेरच्या खोलीत करा. शब्द कळले नाहीत तरी बोलण्याचा सूर आईंना कळतो.