अनुभव धागा: चीनच्या आडगावातला न संपणारा रस्ता

चेंगदूकर

चीनच्या प्रवासावर लिहायला बसलं की गाडी बुलेट ट्रेनवरच येऊन थांबते. रूळ संपल्यावर जे बसमधून, भाड्याच्या व्हॅनमधून जावं लागतं त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा. तुमचा रस्त्यावरचा सगळ्यात लांबलेला दिवस लिहा. कुठून कुठे, कशाने, आणि नेमकं कुठे अडलं? 'निसर्ग अप्रतिम' एवढंच सांगायचं असेल तर फोटोंचा धागा वेगळा काढू.

सुरुवात माझ्यापासून. सिचुआनमध्ये कांगदिंग ते लितांग, पुढे ल्हासाला जाणारा जी ३१८ महामार्ग. दिवस २ ऑक्टोबर. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन, त्याच्या आठवडाभराच्या सुट्टीत छोट्या गाड्यांना टोल माफ असतो, त्यामुळे ज्याच्याकडे गाडी तो रस्त्यावर. कांगदिंग अडीच हजार मीटरवर. गाव सुटलं की लगेच झेदुओ खिंडीची चढण लागते, माथा ४२९८ मीटर. सकाळी सातला निघालो आणि नऊ वाजता वळणावळणांवर सगळं ठप्प. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, काच खाली केली आणि सूर्यफुलाच्या बिया सोलायला घेतल्या. घड्याळ बघायची गरजच उरली नाही, टरफलांचा ढीग बघायचा. आधी त्याच्या बुटाभोवती, मग ब्रेकच्या पायपट्टीपर्यंत. शेजारच्या गाडीतल्या आजी ऑक्सिजनचा डबा नाकाला लावून बसल्या होत्या आणि मधूनच डबा बाजूला ठेवून सुनेला काहीतरी सुनावत होत्या. गावातल्या बायका उकडलेली कणसं, अंडी आणि गरम पाण्याचे थर्मास घेऊन गाड्यांच्या मधून फिरायला लागल्या.

रस्ता खराब नव्हता बरं का, डांबर आपल्या कित्येक महामार्गांपेक्षा गुळगुळीत. दमवलं ते उंचीने. झेदुओ चढायचा, मग याजियांगला नदीच्या घळीत पार २६०० मीटरपर्यंत उतरायचं आणि पुन्हा लितांगच्या चार हजारांवर. पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. डोकं असं ठणकत होतं की जेवण समोर आलं तरी कुणी हात लावेना.

भावी_डॉक्टर

मी हुबेईत मेडिकलला होतो. आमच्या कॉलेजात नगर-लातूरकडची बरीच पोरं होती, सुट्टीत मिळून फिरायचो. माझा अनुभव कुनमिंग ते मेंगला, पार लाओसच्या सीमेजवळ, स्लीपर बसने. आत बर्थच्या तीन रांगा, खालीवर. चढताना बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, पिशवी हातात. बर्थ इतका आखूड की पाय पुढच्याच्या डोक्याखालच्या खोक्यात कोंबायचे.

पहाटे दोनला बस सर्व्हिस एरियात उभी राहिली ती पाचपर्यंत. बिघाड नव्हता, लांब पल्ल्याच्या बसेसनी त्या तीन तासांत चालवायचंच नाही असा नियम आहे. एसी बंद, तीसेक माणसांचे मोजे. सकाळी पुढे दरड पडलेली, तिथे दुपार गेली. २०२१च्या डिसेंबरात चीन-लाओस रेल्वे सुरू झाली, आता तिकडे जाणाऱ्यांना हे सुख मिळणार नाही.

घासफूस

शाकाहारी लोकांनो, माझं वाचा. २०१३, गुइलिनहून गुइझोऊ प्रांतातल्या झाओशिंग या तोंग या अल्पसंख्याक समाजाच्या गावी. सानजियांगला बस बदलायची. हे शहर नदीच्या दोन्ही काठांवर, आणि बस उतरवते एका काठावर, पुढची सुटते दुसऱ्या काठावरून! सामान घेऊन पूल ओलांडला तर दुपारची बस गेलेली. पुढची भरल्याशिवाय हलेना. शेवटी भरली ती माणसांनी, खतांच्या गोण्यांनी आणि दोन पोत्यांतल्या बदकांनी. पोत्याला भोक पाडून मान तेवढी बाहेर काढलेली. त्यातलं एक बदक वाटभर माझ्या चपलेचा पट्टा चोचीने ओढत होतं.

जेवायला थांबलो तिथे नुसत्या पालेभाजीलाही डुकराच्या चरबीचा वास. भाताबरोबर शेंगदाणे आणि घरची लसणाची चटणी, बस्स. पुढच्याच वर्षी, २०१४च्या डिसेंबरात, गुइयांग-ग्वांगझोऊ जलद रेल्वे सुरू झाली. तिचं चोंगजियांग स्टेशन झाओशिंगपासून अगदी जवळ आहे.

पुणेरी_मावशी

आमचं कैलास-मानसरोवर, २०१७, नेपाळमार्गे. केरुंगला सीमेवर ग्रुप व्हिसाच्या यादीत ज्या क्रमाने नावं त्याच क्रमाने रांग. यादीतले सातवे काका बाथरूमला गेले तर आठव्यापासून सगळे थांबलेले. काका आले ते "काय झालं?" विचारत.

पण मला सांगायचंय ते केरुंग ते सागा या दिवसाचं. रस्ता रिकामा, ऊन चकचकीत, आणि बस मधेच माळावर उभी. पंक्चर नाही, काही नाही. मग कळलं की तेव्हा एका चौकीवर निघाल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी मिळायची आणि पुढच्या चौकीवर ठरल्या वेळेआधी पोचलात तर ड्रायव्हरला दंड. वेग आवरण्याचा हा तेव्हाचा उपाय. म्हणून पठ्ठ्या आधी दामटायचा आणि उरलेला वेळ चौकीच्या अलीकडे सिगारेट ओढत काढायचा! सगळ्याच बसेस तिथे ओळीने उभ्या. साडेचार हजार मीटरवर वारा असा की दार उघडलं की टोपी गेली. आमच्या नेपाळी स्वयंपाक्यांनी तेवढ्यात आल्याचा चहा केला. तो नसता तर मी तिथूनच परत फिरले असते.

नवखा_प्रवासी

भारीच आहेत सगळे अनुभव. गाडी स्वतः चालवता येईल का? माझ्याकडे इंटरनॅशनल परमिट आहे. ऑक्टोबरात जायचा विचार आहे.

चेंगदूकर

@नवखा_प्रवासी, मेनलँड चीनमध्ये ते परमिट चालत नाही, तिथला तात्पुरता परवाना काढावा लागतो. ड्रायव्हरसकट गाडी घ्या. आणि १ ते ७ तारीख सोडून कधीही जा. मावशी, चिठ्ठीचा किस्सा खासच!

उत्तरेकडचा

वायव्य चीनमधल्या शिनजियांगचं राहिलं. दुशानझी ते कुचा हा दुकू महामार्ग, ५६१ किलोमीटर, तिएनशान पर्वत आरपार. बांधताना १६८ जवान गेले, १९८३ साली खुला झाला. बर्फामुळे वर्षातले जेमतेम चार-पाच महिने चालू. आम्ही जूनमध्ये गेलो तरी वर बर्फ पडला आणि फाटक बंद. ट्रक, सायकलवाले, मेंढ्या, सगळे एका रांगेत. मेंढ्यांना फाटक लागू नव्हतं, त्या बाजूने निघून गेल्या.

त्यात वेळेचा घोळ. सगळ्या देशाचं घड्याळ बीजिंगचं, पण तिकडचे बरेच लोक दोन तास मागचं घड्याळ पाळतात. फाटक चारला उघडेल असं कळलं आणि रांगेतल्या चिनी पर्यटकांची व तिथल्याच कझाक ड्रायव्हरांची कुठले चार यावर जुंपली. आमचा ड्रायव्हर त्या भांडणात पडलाच नाही, सीट मागे करून झोपला. फाटक उघडलं ते बीजिंगच्या पाचला.